गावात साथ आली तर पोलिसानं काय करायचं? ग्रामीण विदर्भातल्या ठाण्यात नव्यानं रुजू झालेल्यांसाठी

विदर्भाच्या ग्रामीण ठाण्यात नुकतंच पोस्टिंग मिळालेला शिपाई, पहिल्यांदाच बीट, म्हणजे ठाण्यातल्या काही गावांचा भाग, हाती आलेला अंमलदार आणि नवा पोलीस पाटील यांच्यासाठी हे लिहितो आहे. प्रशिक्षणात कायदा येतो, कवायत येते. पण एखाद्या गावात दोन दिवसांत चाळीस माणसांना उलट्या-जुलाब लागले आणि ठाणेदार म्हणाले, ‘जाऊन बघा,’ तर तिथे नेमकं काय बघायचं हे कुणी सांगत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. रोग ओळखणं आणि बरा करणं हे डॉक्टरांचं काम. रुग्ण आणि दवाखाना यांच्यामधली वाट मोकळी ठेवणं हे आपलं. वर्दी पाहून आजारी माणूस मागच्या खोलीत लपला, तर आपण साथ रोखत नाही, वाढवतो. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या नावानं सोल्जर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, आणि लोक रुग्ण लपवू लागले. तिथला प्लेगचा अधिकारी रँड, त्याचा शेवट काय झाला हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. साथरोगांचा जो कायदा आपण आजही वापरतो तो त्याच वर्षीचा आहे.

साथ नसताना करायची कामं

बीटावर गेल्यावर पहिल्या महिन्यात प्रत्येक गावातल्या चार माणसांची तोंडओळख करून घ्या: आशाताई, उपकेंद्राच्या सिस्टर, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक (गावच्या पाण्याची देखरेख करणारा) आणि पोलीस पाटील. नंबर मोबाइलमध्ये ठेवाच, पण डायरीतही लिहा, कारण धारणीच्या किंवा एटापल्लीच्या आतल्या भागात मोबाइल कधी साथ सोडेल सांगता येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राचे (पीएचसी) वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, तहसीलदार आणि गटविकास अधिकारी म्हणजे बीडीओ यांचे नंबरही त्याच पानावर हवेत. १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ आपला.

गावातलं पिण्याचं पाणी कुठून येतं, हे जलसुरक्षकासोबत एकदा चालत जाऊन पाहा. टाकी कुठे, पाइपलाइन नालीतून जाते का, नळ बंद पडला की बाया कोणत्या विहिरीवर जातात. ब्लिचिंग पावडरला गावात टीसीएल म्हणतात, तिचा साठा कुठे ठेवतात तेही विचारा. हे काम पोलिसाचं नाही असं कुणी म्हणेल. पण जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत विहिरीच्या दूषित पाण्यानं लोक आजारी पडले, काही दगावलेही. अशा वेळी गावात पोचणाऱ्या पहिल्या काही माणसांत पोलीस असतोच. विहीर कुठली हे आधीच ठाऊक असेल तर शोधाशोधीचे दोन तास वाचतात.

पावसाळ्यात कोणता रस्ता कोणत्या नाल्यावर तुटतो, याचीही नोंद ठेवा. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. तिथल्या पोलीस मदत केंद्रात ओआरएसची पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या आणि मलेरियाच्या तपासणीच्या किट आहेत का, हे जूनच्या आधी पीएचसीला विचारून ठेवायला हवं. पूर आल्यावर विचारून उपयोग नाही.

आता आपल्याच आवाराकडे वळा. ठाण्यामागे वर्षानुवर्षं पडून असलेल्या मुद्देमालाच्या मोटारसायकली, ट्रकचे टायर, जप्त केलेले ड्रम. पावसाचं पाणी साचलं की डेंग्यूच्या डासाला अंडी घालायला याहून चांगली जागा नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा: टायर पालथे करायचे, ड्रम रिकामे करायचे, बाकीच्यांवर ताडपत्री बांधायची. गावाला कोरडा दिवस पाळायला सांगण्याआधी तो ठाण्यात पाळला गेला पाहिजे. याबाबतीत मी कुणाचीही सबब ऐकत नाही.

पहिली खबर आली

खबर बहुतेकदा अर्धवट असते. ‘साहेब, गावात पटकी आली,’ असा फोन येतो. पटकी (कॉलरा) आहे की नाही हे प्रयोगशाळा ठरवेल. तुम्ही एवढंच विचारा: आजारी किती, कधीपासून, एकाच वस्तीतले की गावभर, लहान पोरं किती, कुणी दगावलं का, आणि कालपरवा गावात लग्न, तेरवी, भंडारा किंवा सप्ताह होता का. उत्तरं स्टेशन डायरीत वेळेसह लिहा आणि लगेच वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करा. त्यांना आधीच कळलं असेल असं धरून चालू नका.

इथे एक विदर्भाची खास गोष्ट. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी चालू असते. मळमळ, चक्कर, डोळ्यांना अंधारी, तोंडाला फेस अशा तक्रारी शेतमजुरांमध्ये एकदम दिसल्या तर ती साथ नसून फवारणीची विषबाधा असू शकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा रुग्ण शेतातून आला का, हे विचारा. औषधाची बाटली किंवा डबा लेबलसकट रुग्णासोबत दवाखान्यात पाठवा. डॉक्टरला उपचार ठरवायला त्या लेबलची मदत होते.

जेवणावळीनंतर लोक आजारी पडले असतील तर उरलेलं अन्न फेकू देऊ नका. आयोजक घाबरलेले असतात, पहिलं काम म्हणून ते भांडी घासायला काढतात. त्यांना शांतपणे सांगा की हे अटकेसाठी नाही, कारण शोधण्यासाठी आहे. अन्न झाकून ठेवायचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. नमुना अन्न व औषध प्रशासनाचे किंवा आरोग्याचे लोक घेतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला सप्ताहातल्या प्रसादानंतर शेकडो लोकांना त्रास झाला. दवाखान्यात जागा उरली नाही, बाहेर उघड्यावर झाडांना दोऱ्या बांधून सलाईन लावावे लागले. अशा रात्री पोलिसाचं काम काय? उजेडाची सोय, रस्ता मोकळा, नातेवाइकांना एका बाजूला बसवणं, आणि कोणता रुग्ण कोणत्या गाडीनं कुठे गेला याची यादी. ही यादी नसेल तर सकाळी अर्धं गाव आपली माणसं शोधत फिरतं.

गावात पोचल्यावर

आधी गंभीर रुग्ण. डोळे खोल गेलेत, लघवी बंद आहे, पोर गळून पडलंय, हाक मारली तर ओ देत नाही, असा रुग्ण दिसला तर रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका. आपली गाडी द्या. रुग्ण शुद्धीवर असेल आणि पिऊ शकत असेल तर वाटेत ओआरएस घोटघोट पाजत न्या. एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, कमी-जास्त नाही.

मग पाणी. संशयित विहीर बंद करायचा निर्णय आरोग्य अधिकारी आणि ग्रामपंचायतीचा. ती बंद ठेवायची जबाबदारी मात्र आपल्यावर येते. विहिरीवर नुसता काठी घेऊन माणूस उभा केला तर रात्री बाया मागच्या वाटेनं पाणी नेतील, कारण घरात पाणी लागतंच. आधी टँकर येऊ द्या, निदान कधी येणार हे बीडीओंकडून पक्कं करून घ्या. मगच विहिरीला काटे लावा. टँकर आला की रांग आपण लावायची, आणि ती लावताना गावकुसाबाहेरच्या वस्तीला शेवटी ठेवलं जात नाही ना, हे बघायचं. साथ नेमकी त्याच वस्तीत जास्त असते.

बोलण्याची पद्धत महत्त्वाची. दारातून ‘कोण आजारी आहे इथं?’ असं दरडावून विचारलं तर उत्तर ‘कोणी नाही’ असंच येणार. आशाताईंना पुढे करा, तुम्ही दोन पावलं मागे राहा. ‘काकाजी, पोराले दवाखान्यात नेऊन आनू, गाडी आपली आहे, पैसे लागत नाही,’ एवढं वाक्य पुरतं. घरात शिरायचा प्रसंग आला तर आरोग्य कर्मचाऱ्यासोबत, आणि बाईमाणसं असतील तर महिला अंमलदारासोबत. कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या गावात दुभाषा म्हणून तिथलाच एखादा पोरगा घ्या. शाळेचे गुरुजी असतील तर उत्तम.

शोध घेणं आपल्याला येतं, आणि आरोग्य विभागाला या घडीला त्याचीच गरज असते. मेळघाटातून मजुरीला परतवाडा-अमरावतीकडे गेलेले, गडचिरोली-चंद्रपूरकडून मिरची तोडायला तेलंगणात गेलेले, परत कधी आले, कुणासोबत आले, कुठे मुक्काम केला. साक्षीदाराला जसं धीरानं विचारता तसंच इथे विचारा. पण मिळालेली नावं फक्त वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हाती. रुग्णांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हा मोठा अपराध समजा. एकदा नाव फुटलं की त्या घराच्या पिठाची गिरणी बंद होते, दूध कुणी घेत नाही, आणि पुढचा रुग्ण तोंड उघडत नाही. जातपंचायतीनं अशा घराला वाळीत टाकलं तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे. तक्रार घ्यायला मागेपुढे पाहू नका.

भुमका, करणी आणि बोगस डॉक्टर

ही बाजू मी लांबवून सांगतो, कारण नवखा माणूस इथेच फसतो. मेळघाटात पोर आजारी पडलं की घरचे आधी भुमकाकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिकाकडे, जातात. लोकांचा त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे, आणि अर्ध्या रात्री दारात तोच येतो. त्याला ठाण्यात आणून बसवलं तर गाव तुमच्याशी बोलणं सोडेल. त्याच्याशी ओळख करा. ‘तुम्ही तुमची पूजा करा, पण जुलाब लागलेलं पोर आधी दवाखान्यात पाठवा, माझ्या नंबरवर फोन करा,’ असं सांगा. ऐकणारे ऐकतात, आणि त्यांनी पाठवलेलं पोर वाचलं की पुढच्या वेळी स्वतःहून फोन येतो.

मात्र एक रेघ स्पष्ट आहे. तान्ह्या बाळाच्या पोटाला तापलेल्या लोखंडानं डागणं, ज्याला तिथे डम्मा म्हणतात, तिथे समजावणीची भाषा संपते. बाळ आधी दवाखान्यात आणि मग गुन्हा. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हा दाखल करताना भेदरलेल्या आईला आरोपीच्या रांगेत उभं करण्याची घाई करू नका. तिची बाजू ऐकून घ्या.

याहून धोक्याचं म्हणजे करणीचा संशय. गावात लागोपाठ दोन-तीन मृत्यू झाले की कुणीतरी बोट दाखवतं, आणि ते बहुतेकदा एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे किंवा दुबळ्या घराकडे असतं. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भरचौकात माणसांना बांधून मारलं गेलं, तेही याच संशयातून. त्यात म्हातारी माणसंही होती. म्हणून साथीच्या गावात गेलात की पोलीस पाटलाला बाजूला घेऊन थेट विचारा, ‘कुणावर बोट दाखवताहेत का?’ उत्तर ‘हो’ असेल तर त्याच संध्याकाळी त्या घराला भेट द्या, लोकांना दिसेल अशी. ठाणेदारांना कळवा, रात्रीची गस्त लावा. गरज पडली तर त्या माणसांना काही दिवस नातेवाइकांकडे सुरक्षित पोचवा. ही खबरदारी घेतली तर जीव वाचतात, आणि ती फक्त पोलीसच घेऊ शकतो.

बोगस डॉक्टर साथीच्या दिवसांत गावोगाव फिरतात, सगळ्यांना तीच सुई आणि तेच सलाईन देतात. तो कोणत्या परिषदेत नोंदणीकृत आहे हे तपासणं वैद्यकीय अधिकाऱ्यांचं काम. त्यांची लेखी तक्रार घेऊन, पंचांसमक्ष सुया-औषधं जप्त करून पुढे जा.

आदेश, नाकाबंदी आणि कलमं

गाव बंद करायचं, बाजार थांबवायचा, जत्रा रद्द करायची, हे तुम्ही किंवा ठाणेदार ठरवत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो, मग तो साथरोग कायद्याखाली असो, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली असो की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १६३ खाली, जे आधी सीआरपीसीचं १४४ होतं. आदेशाची प्रत खिशात ठेवा आणि पूर्ण वाचा. कशाला सूट आहे ते आधी वाचा. आदेश गावात मुनादी देऊन, ग्रामपंचायतीवर चिकटवून कळवला का, तेही बघा. ज्याला माहीतच नाही त्याच्यावर कारवाई कशी टिकेल?

आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३. पण कोर्ट त्याची दखल संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरच घेतं, म्हणून तहसीलदारांशी आधीच बोलून ठेवा. निष्काळजीपणानं रोग पसरवणं २७१, जाणूनबुजून २७२, विलगीकरणाचा नियम मोडणं २७३, सार्वजनिक पाणी घाण करणं २७९. कलमं पाठ असू द्या. वापरायची वेळ क्वचित यावी.

रस्त्यात उठाबशा काढायला लावणं, काठी मारणं, गळ्यात पाटी अडकवून फोटो काढणं कोणत्याही कलमात बसत नाही. २०२० च्या टाळेबंदीत असे व्हिडिओ देशभर फिरले, आणि त्याच काळात रात्रंदिवस बंदोबस्त करणाऱ्या, वाटेवरच्या मजुरांना जेवण देणाऱ्या हजारो पोलिसांची मेहनत त्यांनी झाकून टाकली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झालं तेव्हा लोक आधीच थकलेले होते. अशा वेळी विनंती ऐकली जाते ती आधी नीट वागलेल्या पोलिसाचीच.

नाक्यावर रुग्णवाहिका, लशीची गाडी, ऑक्सिजन, दूध, चारा, बाळंतीण आणि डायलिसिसचा रुग्ण यांना क्षणभरही थांबवू नका. सिरोंचा, राजुरा, देवरी, धारणी या बाजूंना राज्याची सीमा आहे. पलीकडच्या ठाण्याचा नंबर हवाच, नाहीतर माणसं दोन नाक्यांच्या मध्ये अडकतात. जनावरांच्या साथीतही हेच. २०२२ मध्ये लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला तेव्हा गुरांचे बाजार आणि वाहतूक बंद झाली. शेतकऱ्याला त्याची बैलजोडी परत का न्यावी लागतेय हे समजावून सांगायला पाच मिनिटं जास्त द्या. त्याची पेरणी त्या जोडीवर असते.

दवाखाना, अफवा, मृत्यू

रुग्ण दगावला की जमाव दवाखान्यावर येतो. एक अंमलदार दारावर आधीपासून असावा, पण आतल्या खोलीत गर्दी करू नये. नातेवाइकांतला एक समंजस माणूस निवडून डॉक्टरांशी त्याची भेट घालून द्या. बहुतेक वेळा राग माहिती न मिळाल्याचा असतो. तरी हल्ला झालाच तर २०२० च्या दुरुस्तीनं साथरोग कायद्यात तीन महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे, गंभीर दुखापत असेल तर सहा महिने ते सात वर्षं. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. तपास पोलीस निरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी करतो आणि तीस दिवसांत पूर्ण करायचा असतो. आशाताईंच्या अंगावर कुणी धावून आलं तरी हाच कायदा लागतो. हे त्यांना स्वतःला ठाऊक नसतं, तेव्हा तुम्ही सांगा.

अफवेला उत्तर लवकर आणि जाणकाराच्या तोंडून गेलं पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. पाणी, शाम्पू, बुरशी असे तर्क निघाले. पुढे लक्ष सेलेनियमकडे गेलं. कारण कळायला आठवडे लागतात. त्या आठवड्यांत तुम्ही कारण सांगू नका, ‘तपासणी चालू आहे, डॉक्टर गावातच आहेत’ एवढंच सांगा. वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून गावच्या ग्रुपवर आणि देवळाच्या भोंग्यावर लावला तर तो दहा पोस्टरांपेक्षा जास्त काम करतो.

मृत्यूच्या बाबतीत एक फरक ओळखा. उपचार चालू असताना डॉक्टरांनी आजाराचं कारण लिहून दिलेला मृत्यू वेगळा. विषबाधेचा किंवा इतर संशय असेल तर बीएनएसएस कलम १९४ प्रमाणे मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद), पंचनामा, शवविच्छेदन. दोन्हींत कुटुंबाला शेवटचं दर्शन आणि त्यांच्या रीतीनं दहन किंवा दफन करू द्या, आरोग्य कर्मचारी सांगतील त्या काळजीनं. जुलाबाच्या साथीत प्रेताला हात लावलेल्यांनी साबणानं हात धुतल्याशिवाय स्वयंपाकाला लागू नये, आणि तेरवीची पंगत काही दिवस पुढे ढकलावी. हे गावातल्या वडीलधाऱ्याकरवी सांगा.

तुम्ही स्वतः

गावात बंदोबस्ताला जाताना आपलं पाणी आपण न्या. जेवणाआधी साबण. श्वासाच्या आजारात मास्क नाकावर, हनुवटीवर नव्हे. बाहेरच्या जिल्ह्यातून गडचिरोलीत आलेल्यांनी मच्छरदाणीत झोपायचं आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. अंगावर काढलेला मलेरिया मेंदूत जाऊ शकतो. लॉकअपमधल्या आरोपीला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करून घ्या, त्याच्यासाठी आणि गार्डसाठीही. घरी गेल्यावर वर्दी वेगळी धुवा. ड्युटीवर जुलाब लागले तर ठाणेदारांना सांगा आणि सुट्टी घ्या. लाजून कामावर राहिलात तर मेसमधल्या सगळ्यांना आजार वाटाल.

साथ ओसरल्यावर

निर्बंध उठल्याचा लेखी आदेश आल्यावरच काटे-बॅरिकेड काढा, आणि तो आला की त्याच दिवशी काढा. वेळ डायरीत लिहा. ज्या घरात माणूस गेला तिथे आशाताईंसोबत एकदा जाऊन या. मृत्यूचा दाखला, निराधार योजनेचा अर्ज यांत अडलेलं असेल तर तहसीलला फोन करा. किरकोळ कारवाईत अडकवलेल्या गाड्या नियमाप्रमाणे परत करा. आणि ज्या पाइपलाइनमुळे किंवा विहिरीमुळे सगळं झालं, तिची दुरुस्ती झाली का, हे ग्रामसेवकांना लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर ठाणेदारांमार्फत बीडीओंना स्मरणपत्र पाठवा, आणि त्याची प्रत बीटाच्या फाइलला लावा. तुमच्यानंतर येणाऱ्या अंमलदाराला ती लागेल.